एकाच घटकेचा भार : कोराडीचे वीज-केंद्र, विदेश संचार निगम आणि ई-मेल सर्व्हरचे क्षमता-नियोजन

नागपूरच्या उत्तरेस असलेले कोराडी हे गाव दोन गोष्टींमुळे विदर्भात सर्वतोमुखी आहे. एक श्रीमहालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान आणि दुसरे औष्णिक वीज-केंद्र. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने या केंद्रातील १२० मेगावॅटचा पहिला संच १९७४ साली कार्यान्वित केला. १९८३ पर्यंत तेथे सात संच उभे राहिले व केंद्राची स्थापित क्षमता १,१०० मेगावॅटवर गेली. या आकड्याकडे पाहताना सामान्य वाचकाच्या मनात असा समज होणे स्वाभाविक आहे की, वीज वापरणाऱ्यांची संख्या मोजावयाची, प्रत्येकास किती वीज लागते ते पाहावयाचे आणि दोहोंचा गुणाकार करून केंद्राचा आकार ठरवावयाचा. वस्तुतः वीज-व्यवसायात असा गुणाकार कोणी करीत नाही. तेथे विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे : वर्षातील सर्वांत जड अशा एका घटकेस सर्व मिळून किती भार मागतील? बाकीच्या सर्व घटकांची काळजी या एका घटकेच्या उत्तरात आपोआप सामावते.

हाच प्रश्न १९९५ साली मुंबईत अगदी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला. ई-मेल व इंटरनेट यांची सार्वजनिक सेवा भारतात प्रथमच सुरू होत होती आणि तिच्यासाठी किती यंत्रे, किती मोडेम व किती दूरध्वनी-वाहिन्या लागतील याचा अंदाज बांधावयाचा होता. तो अंदाज चुकला. ही चूक कशी घडली आणि नंतरच्या काळात ई-मेल सर्व्हरच्या नियोजनाचा विचार कसकसा बदलत गेला, याचा इतिहास पाहताना कोराडीचे उदाहरण हाताशी असणे उपयोगाचे ठरते. कारण वीज, दूरध्वनी आणि ई-मेल या तिन्ही सेवांचे गणित मुळात एकच असून भेद एका ठिकाणी आहे, आणि तो भेद ओळखण्यावर सर्व काही अवलंबून राहते.

प्रथम विजेचे. एका गावात शंभर घरे आहेत आणि प्रत्येक घरी एक किलोवॅटची उपकरणे आहेत, असे मानले तरी त्या गावाचा भार शंभर किलोवॅट कधीच होत नाही. एका घरी पंप चालू असतो तेव्हा शेजारी इस्त्री बंद असते. वापराच्या या आपोआप घडणाऱ्या विखुरलेपणास भाराची विविधता म्हणतात, आणि वीज-मंडळाची सारी काटकसर तिच्यावर उभी असते. परंतु ही विविधता सायंकाळी दिवे लागण्याच्या वेळी आकसते. सर्वांस एकाच वेळी अंधार पडतो. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे दीर्घकाळ अशक्यप्राय होते. म्हणून या सायंकालीन भारासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. कोराडीसारखे कोळशावरचे केंद्र संथपणे व अखंड चालविणे सोयीचे. त्याचा बाष्पक चटकन पेटवता वा विझवता येत नाही. उलट, १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झालेल्या कोयनेचे पाणी शिवाजीसागरात थांबून राहू शकते आणि सायंकाळी काही मिनिटांत टरबाइनवर सोडता येते. वीज साठविता आली नाही तरी पाणी साठविता येते, हा कोयनेचा खरा उपयोग. कोराडीने पायाचा भार वाहावा आणि कोयनेने शिखराचा, अशी ही विभागणी होय. पुढे ई-मेलच्या विवेचनात या विभागणीची पुन्हा आठवण करावी लागेल.

विजेच्या इतिहासातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती अधिक त्रासदायक आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राने, विशेषतः त्याच्या ग्रामीण भागाने, प्रदीर्घ भारनियमन सोसले. भारनियमनाच्या काळात मापकावर जो भार नोंदला जातो तो लोकांच्या मागणीचा नसून पुरवठ्याचा असतो. ज्या गावात सायंकाळी वीजच नाही, त्या गावाची सायंकालीन मागणी कागदावर शून्य दिसते. या आकड्यांवरून पुढील वर्षांचा अंदाज बांधणारा नियोजक स्वतःच्याच टंचाईचे प्रतिबिंब मागणी म्हणून वाचीत असतो. ज्याला काही मिळाले नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, हे येथील सर्वांत मोठे व्यंग आहे. १९९५ च्या चुकीचे मूळही बऱ्याच अंशी येथेच सापडते.

दूरध्वनीच्या क्षेत्रात एकाच घटकेच्या भाराचा हा प्रश्न गणिताच्या कक्षेत आणण्याचे श्रेय आग्नेर क्रारुप अर्लांग या डॅनिश गणितज्ञाकडे जाते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत असता त्याने १९०९ साली संभाव्यता-सिद्धांत आणि दूरध्वनी-संभाषणे यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ साली वाहिन्यांची संख्या ठरविण्याची आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. भाराच्या एककास पुढे त्याचेच नाव मिळाले. एका तासात एक वाहिनी पूर्ण वेळ व्यापली गेली, तर तो भार एक अर्लांग. साठ ग्राहकांनी व्यस्त तासात प्रत्येकी दहा मिनिटे वाहिनी वापरली तर एकूण भार दहा अर्लांग होतो.

दहा अर्लांग भारासाठी दहा वाहिन्या पुरतील, असे प्रथमदर्शनी वाटते. अर्लांगचे सूत्र तसे सांगत नाही. दहा वाहिन्या ठेवल्यास शंभरांपैकी एकवीसांहून अधिक ग्राहकांस वाहिनी व्यस्त असल्याचा ध्वनी ऐकावा लागतो. पंधरा वाहिन्या ठेवल्या तर हे प्रमाण ३.६५ टक्क्यांवर येते आणि अठरा ठेवल्या तर ०.७ टक्क्यांवर. म्हणजे लहान सेवेस भाराच्या जवळजवळ दुप्पट सामग्री बाळगावी लागते. मोठ्या सेवेचे तसे नसते. शंभर अर्लांग भारासाठी ११७ वाहिन्या ठेवल्या की नकाराचे प्रमाण एका टक्क्याच्या आत राहते. येथे जादा सामग्री केवळ सतरा टक्के. मोठ्या सेवा दरडोई स्वस्त का पडतात, याचे हे गणिती कारण आहे.

परंतु या स्वस्ताईची किंमत क्वचितच सांगितली जाते. अंदाजापेक्षा भार वीस टक्क्यांनी वाढला, असे समजा. अठरा वाहिन्यांच्या लहान सेवेत नकाराचे प्रमाण ०.७ वरून सुमारे २.७ टक्क्यांवर जाते. ग्राहकास ते जाणवेल न जाणवेल. ११७ वाहिन्यांच्या मोठ्या सेवेत मात्र ते एका टक्क्यावरून एकदम साडेआठ टक्क्यांवर उडी मारते. मोठी आणि काटकसरीने आखलेली यंत्रणा नेहमीच्या दिवशी अधिक कार्यक्षम असते, पण अंदाज चुकला की लहान यंत्रणेपेक्षा ती अधिक वेगाने कोसळते. शिवाय अर्लांगच्या या सूत्रात नकार मिळालेला ग्राहक गुपचूप निघून जातो, असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षातला ग्राहक निघून जात नाही. तो पुन्हा क्रमांक फिरवितो आणि नकारातूनच नवा भार निर्माण होतो.

आता ई-मेलकडे वळावयाचे. महाराष्ट्रात ई-मेलचा प्रारंभ मुंबईतील संशोधन-संस्थांत झाला. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली अर्नेट हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच भारतीय तंत्रविज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वतः इलेक्ट्रॉनिकी विभाग हे त्याचे सहभागी होते. जुहू येथील राष्ट्रीय केंद्र आणि पवई येथील तंत्रविज्ञान संस्था यांच्यामध्ये साध्या दूरध्वनी-वाहिनीवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. वापरकर्ते थोडे, संयमी आणि स्वतःच संगणकाचे जाणकार असल्यामुळे क्षमतेचे नियोजन असे वेगळे करावे लागले नाही. पत्रे एका यंत्रावर साठत. वाहिनी जोडली गेली की ती पुढच्या यंत्रावर जात.

वर ज्या एका भेदाचा उल्लेख केला तो याच साठवून पुढे पाठविण्याच्या पद्धतीत आहे. दूरध्वनीवरील संभाषण थांबवून ठेवता येत नाही, वीजही तशीच. पत्र मात्र थांबू शकते. ई-मेल वाहून नेण्याच्या १९८२ च्या मानक नियमांत आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांत हीच कल्पना पायाभूत आहे : पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पत्र रांगेत ठेवावे, पुनःपुन्हा प्रयत्न करावा, आणि निदान चार-पाच दिवसांच्या आत हार मानू नये. कोराडीच्या देवस्थानात नवरात्रात जो भाविक येतो त्यास रांगेत तास-दोन तास तिष्ठावे लागते, पण दर्शनाविना परत जावे लागत नाही. दूरध्वनीचा ग्राहक मात्र दारातूनच परतवला जातो. ई-मेलची रांग ही नियोजकाची कोयना आहे. दुपारी अकरा वाजता आलेला पत्रांचा लोंढा सव्वाअकरापर्यंत वाटला गेला तरी कोणाची तक्रार नसते. म्हणून पत्रवाटपाचा सर्व्हर शिखराच्या घटकेसाठी नव्हे, तर ती रांग काही मिनिटांत ओसरेल इतक्या शक्तीचा असला की पुरे.

पण हे फक्त सर्व्हर-सर्व्हरमधील व्यवहारास लागू आहे. आपली पेटी उघडण्यासाठी जो मनुष्य यंत्राशी येऊन बसतो, तो पत्राप्रमाणे रांगेत थांबत नाही. त्याच्या बाबतीत अर्लांगचाच हिशेब चालतो. एकाच सेवेच्या दोन दारांना दोन निराळे नियम लागू आहेत, हे १९९५ च्या नियोजनात कितपत ध्यानात घेतले गेले होते याचा निवाडा पुढील घटनांवरून वाचकाने करावा.

विदेश संचार निगम या मुंबईस्थित सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली. प्रारंभी ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे होती. पुणे व बंगलोर त्यानंतर आले. मजकुरापुरते मर्यादित असे खाते व्यक्तीस ५,००० रुपयांना मिळे व त्यात वर्षातून २५० तासांचा वापर अंतर्भूत असे. विद्यार्थ्यांसाठी असेच खाते ५०० रुपयांना होते. ग्राहक आपल्या मोडेमने निगमाचा क्रमांक फिरवी, निगमाच्या यंत्रावर प्रवेश करी आणि पडद्यावरील अक्षरांतच आपली पत्रे वाची व लिही. पत्रपेटी ग्राहकाच्या घरी नव्हती. ती फोर्टमधील यंत्रावर होती. याचा अर्थ असा की, एक पत्र लिहावयास वीस मिनिटे लागली तर ती वीसही मिनिटे एक मोडेम, एक दूरध्वनी-वाहिनी आणि सर्व्हरवरील एक जागा अडकून राही. ई-मेल ही जात्याच थांबू शकणारी वस्तू असूनही तिची वाट अशी बांधली गेली की ती थांबू शकू नये.

सहा महिन्यांत ग्राहकसंख्या सुमारे १०,००० वर गेली. या आकड्याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. सर्वांनी आपापले २५० तास पुरेपूर वापरले असे धरले तर वर्षाचा एकूण वापर २५ लाख तास होतो. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागल्यास सरासरीने कोणत्याही क्षणी सुमारे २८५ ग्राहक जोडलेले असतील. देशभराच्या सेवेस हा आकडा अगदी माफक वाटतो, आणि सरासरीवर विश्वासणारा कोणीही त्यावर निश्चिंत झोपेल. परंतु दूरध्वनी-व्यवसायातील जुन्या अनुभवानुसार दिवसाच्या वापराचा सुमारे दहावा हिस्सा एकाच तासात पडतो असे मानले, तर दिवसाच्या सुमारे ६,८५० तासांपैकी ६८५ तास त्या एका तासात कोंबले जातात. म्हणजे ६८५ अर्लांग, सरासरीच्या जवळजवळ अडीचपट. त्यातही ते शहराशहरांत विभागलेले. एका शहरातील रिकामा मोडेम दुसऱ्या शहरातील ग्राहकाच्या उपयोगी पडत नाही, आणि विभागलेल्या प्रत्येक लहान संचास अर्लांगच्या नियमाप्रमाणे अधिक जादा सामग्री लागते. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे. तथापि त्यातून संकटाचे स्वरूप स्पष्ट होते.

प्रत्यक्षात पहिल्या महिन्यांत ग्राहकांच्या वाट्यास मुख्यतः व्यस्त वाहिनीचा ध्वनी आला. जोडणी मिळाली तरी ती मध्येच तुटे. मोडेम अपुरे होते, वाहिन्या अपुऱ्या होत्या आणि शहरांतर्गत दूरध्वनीचे जाळे तर निगमाच्या अखत्यारीतच नव्हते. ते दूरसंचार विभागाचे. साखळीतील एक कडी दुसऱ्याच्या हाती असताना आपल्या कडीची मजबुती वाढविण्यास मर्यादा पडतात, ही अडचण खरी होती. निगमाचे तत्कालीन अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी अंदाज चुकल्याची जाहीर कबुली दिली आणि सुधारणेचे आश्वासन दिले. भारतीय सार्वजनिक उद्योगांच्या इतिहासात अशी कबुली दुर्मिळ आहे, आणि त्यामुळेच या प्रकरणाचा अभ्यास करणे सोपे जाते. जेथे चूक मान्य होत नाही तेथे इतिहासकारास नियोजनाऐवजी खुलाशांचाच अभ्यास करावा लागतो.

अंदाज का चुकला, याचे उत्तर केवळ गणितात नाही. त्या काळी घरी दूरध्वनी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षा-यादीत थांबावे लागे. ज्या समाजाने एखादी सेवा कधी पाहिलेलीच नाही, त्याची तिच्याविषयीची मागणी पूर्वीच्या आकड्यांवरून मोजणे म्हणजे भारनियमनातल्या गावाचा मापक वाचण्यासारखे आहे. निगमाजवळ पूर्वानुभव होता तो मुख्यतः व्यापारी संस्थांच्या व संशोधकांच्या दळणवळणाचा. परदेशी शिकणाऱ्या मुलास पत्र धाडू इच्छिणारे आईबाप, परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी लिहिणारे पदवीधर, लहान निर्यातदार यांचा त्या नोंदींत मागमूस नव्हता. नागपूरसारख्या शहरातून मुंबईच्या क्रमांकाशी जोडून घ्यावयाचे तर एसटीडीचा दर पडे. तेथील इच्छुक मागणीच्या हिशेबात उमटणे त्याहूनही अवघड होते. सेवा चालविण्याची मक्तेदारी १९९८ च्या नोव्हेंबरात संपली आणि खासगी कंपन्यांस परवाने मिळू लागले, तेव्हा ही दडलेली मागणी हळूहळू उघड्यावर आली.

या काळातील आणखी एक तपशील फारसा चर्चिला गेलेला नाही, परंतु क्षमता-नियोजनाच्या दृष्टीने तो वाहिन्यांच्या टंचाईइतकाच महत्त्वाचा आहे. निगमाच्या ग्राहकाचा ई-मेल पत्ता त्याच्या नावानंतर ‘गियास-बीएम-०१’ अशा शब्दाने चाले. ‘बीएम’ म्हणजे मुंबई आणि ‘०१’ हा यंत्राचा क्रमांक. पुण्यासाठी ‘पीएन’, दिल्लीसाठी ‘डीएल’. म्हणजे ग्राहक कोणत्या शहरातील कितव्या यंत्रावर आहे हे त्याच्या पत्त्यातच कोरले गेले होते. ते यंत्र भरले म्हणून निम्मे ग्राहक दुसऱ्या यंत्रावर हलवावयाचे ठरविले, तर निम्म्या ग्राहकांचे पत्ते बदलावे लागले असते, आणि त्यांनी ते साऱ्या जगास कळवावे लागले असते. भार वाटून देण्याचे सर्वांत सोपे साधन पत्त्याच्या रचनेमुळेच हातचे गेले.

येथे एका मराठी टपाल-अधिकाऱ्याच्या कार्याची तुलना अपरिहार्य ठरते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी पंडित व कवी. तेच टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी या नात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेल्या पिन कोड पद्धतीचे जनक. कोराडीचा पिन कोड ४४११११ असा आहे. पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दर्शवितो. ४४ हे दोन अंक विदर्भाकडे नेतात. ४४१ हा छाननीचा जिल्हा. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. या सहा अंकांत गाव कोठे आहे हे आहे, पण पत्र कोणत्या गाडीने जावे, कोणत्या छाननी-कक्षात कोणाच्या हातून जावे, याचा उल्लेख नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास टपाल वाढले तर खात्यास जादा माणसे लावता येतात, मार्ग बदलता येतो, आणि कोराडीच्या रहिवाशास आपला पत्ता बदलावा लागत नाही. पत्ता स्थळाचा असावा, यंत्राचा नसावा, हे तत्त्व पिन कोडने टपालाच्या जगात रूढ केले होते. ई-मेलच्या जगातही १९८६ पासून त्याची सोय उपलब्ध होती : एखाद्या नामक्षेत्राची पत्रे कोणत्या सर्व्हरांनी स्वीकारावी आणि कोणत्या पसंतिक्रमाने, हे पत्त्याबाहेरील नोंदीत लिहिता येत असे. पुढे निगमाच्या पत्त्यांतून यंत्राचा क्रमांक गळाला व ग्राहकांस सुटसुटीत पत्ते मिळाले. परंतु अनेकांच्या व्यवसायपत्रिकांवर ते जुने लांबलचक पत्ते बरीच वर्षे छापलेले राहिले.

सर्व्हरचे नियोजन आज कसे करतात याचा थोडा हिशेब येथे देणे आवश्यक आहे, कारण गुणाकाराचा मोह अद्याप सुटलेला नाही. दहा हजार वापरकर्त्यांचे एखादे विद्यापीठ घ्यावे. प्रत्येकास दिवसाला पन्नास पत्रे येतात असे धरले तर एकूण पाच लाख पत्रे. त्यांचा दहावा हिस्सा व्यस्त तासात आला तर सेकंदास सुमारे चौदा. हे काम साध्या यंत्रासही जड नाही. परंतु वापरकर्त्याचा संगणक दर पाच मिनिटांनी पेटीत नवे पत्र आहे काय हे विचारीत राहिला, तर दहा हजारांकडून सेकंदास तेहतीस विचारणा येतात. पत्रे कमी, आणि ‘पत्र आहे का?’ हे विचारणारे अधिक! पोस्टमनच्या फेरीपेक्षा दारातून डोकावणाऱ्यांच्या खेपा जास्त असाव्यात, तसा हा प्रकार. शिवाय प्रत्येक पत्रास लागणारा वेळ स्थिर नसतो. जॉन लिटल याने १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. सेकंदास चौदा पत्रे येत असता प्रत्येकाच्या तपासणीस तीन सेकंद लागले तर एका वेळी बेचाळीस पत्रे यंत्रात असतात. विषाणू व जाहिराती यांच्या तपासणीमुळे तोच काळ नऊ सेकंद झाला तर एकशे सव्वीस. वापरकर्ता एकही वाढला नाही, तरी यंत्र तिप्पट लागले. नको असलेल्या जाहिरातपत्रांचे प्रमाण २००० नंतरच्या दशकात जगातील एकूण ई-मेलच्या निम्म्याहून अधिक झाले, तेव्हा नियोजकांचा बराचसा खर्च कोणी न मागितलेल्या पत्रांवरच होऊ लागला.

यानंतर अडचणीचे ठिकाण वाहिनीवरून साठ्याकडे सरकले. १९९६ साली सुरू झालेल्या हॉटमेलने फुकट पत्रपेटी दिली, पण तिचा आकार दोन मेगाबाइट. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने एक गिगाबाइटची पेटी जाहीर केली, आणि त्याच वर्षी मुंबईच्या रेडिफनेही तेवढीच देऊ केली. एक कोटी ग्राहकांस प्रत्येकी एक गिगाबाइट खरोखरच द्यावयाचे, तर त्या काळच्या मोठ्यात मोठ्या म्हणजे ४०० गिगाबाइटच्या पंचवीस हजार तबकड्या लागल्या असत्या; सुरक्षिततेसाठीची दुसरी प्रत वेगळीच. अशा तबकड्या कोणी आगाऊ विकत घेऊन ठेवीत नाही. बहुतेकांची पेटी बहुतांश रिकामीच राहील या भरवशावर ते वचन दिले गेले. शंभर घरांच्या गावाचा भार शंभर किलोवॅट कधीच होत नाही, हाच तो भरवसा. फरक इतका की, सायंकाळचे दिवे रात्री मालवतात. साठविलेली पत्रे कोणी मालवीत नाही. विजेच्या भारास ओहोटी आहे, साठ्यास ती नाही, म्हणून साठ्याची विविधता वर्षागणिक झिजत जाते.

विविधता एका क्षणात नाहीशी होण्याचेही प्रकार घडले आहेत. ४ मे २००० रोजी प्रेमपत्राच्या मिषाने पसरलेल्या विषाणूने प्रत्येक बाधित संगणकाच्या पत्तासूचीतील सर्वांस स्वतःची प्रत धाडली, आणि अनेक मोठ्या संस्थांना आपले ई-मेल सर्व्हर स्वतःहून बंद करावे लागले. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत कोणताही विषाणू नव्हता. चाचणीचे एक पत्र चुकून सुमारे ८ लाख ४० हजार जणांस गेले, आणि ‘मला या यादीतून काढा’ असे कळविणाऱ्यांनी ते सर्वांसच कळविले. तासाभराहून थोड्या अधिक काळात अंदाजे पन्नास कोटी पत्रे निर्माण झाली. एक हजार जणांच्या महाविद्यालयीन यादीतही पन्नास जणांनी सर्वांस उत्तर दिले तर पन्नास हजार पत्रे होतात. म्हणून मोठ्या यादीवर कोणास लिहिता येईल हे ठरविणे, ही बाब शिस्तीची वाटली तरी ती प्रथमतः क्षमतेची आहे.

आपल्या देशात केंद्र शासनाचा ई-मेल दीर्घकाळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र स्वतःच्या यंत्रणेवर चालवीत आले. २०२५ पर्यंत सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची खाती झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर हलविण्यात आली. एवढे स्थलांतर करताना कर्मचाऱ्यांचे शासकीय पत्ते कायम राहिले, ही गोष्ट १९९५ च्या पार्श्वभूमीवर नोंदण्याजोगी आहे.

राखीव सामग्री किती असावी, या प्रश्नावर वीज आणि सर्व्हर पुन्हा एकत्र येतात. कोराडीचे जुने लहान संच काळाच्या ओघात निवृत्त होत गेले आणि २०१५ ते २०१७ या काळात तेथे ६६० मेगावॅटचे तीन संच सुरू झाले. १२० मेगावॅटचा एक संच अकस्मात बंद पडला तर तेवढीच तूट भरावी लागे. ६६० चा बंद पडला तर एका क्षणी साडेपाचपट तूट. मोठा संच स्वस्त पडतो, परंतु त्याच्यासाठी बाळगावयाचा राखीव साठा त्याच्याच आकाराचा असावा लागतो. दहा हजार पेट्या एकाच बलाढ्य सर्व्हरवर ठेवणाऱ्यास दुसरा तितकाच बलाढ्य सर्व्हर रिकामा ठेवावा लागतो. त्याच पेट्या पाच यंत्रांवर विभागणाऱ्यास सहावे एक पुरते.

कोराडीच्या संचांनी केव्हा किती वीज द्यावी याचे आदेश राज्य भार प्रेषण केंद्रातून येतात. ते केंद्र ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोली येथे आहे. त्याच परिसरात गेल्या काही वर्षांत अनेक माहिती-केंद्रे उभी राहिली असून त्यांच्या सर्व्हरांत अक्षरशः कोट्यवधी लोकांची पत्रे साठविलेली आहेत. या इमारतींची मागणी मेगावॅटमध्ये मोजली जाते, आणि भार प्रेषण केंद्राच्या उद्याच्या अंदाजपत्रकात सायंकाळच्या दिव्यांच्या व शेतीपंपांच्या शेजारी तिचाही आकडा मांडावा लागतो.